नऊ सेंटीमीटरचा विजयंता

आपण शिवनेरीच्या पायथ्याची माणसं. दिवाळीत किल्ला करताना मापाकडे कोण बघतं? आमचा मावळा तटापेक्षा उंच! स्केल मॉडेलमध्ये मात्र ते चालत नाही. विजयंता रणगाडा तीन मीटरहून थोडा जास्त रुंद. १:३५ प्रमाणात तो नऊ सेंटीमीटरच भरायला हवा.

आळेफाट्यावरून नगरला जाऊन मी रणगाडा संग्रहालयात तो पाहिला. घरी प्लास्टिकचे पत्रे कापून, चिकटवून तीन महिन्यांत बनवला आणि चकचकीत हिरवा रंगवला. आमच्या मजल्यावरचे फौजी काका बघून म्हणाले, "माप बरोबर आहे रे, पण हा कधी बाहेर पडलेलाच दिसत नाही."

काकांनी विजयंता चालवला होता! मग त्यांनी सांगितलं, धूळ कुठे साचते, पट्ट्यांजवळ चिखल कसा वाळतो, चढता-उतरताना कुठली कड घासते. पंधरा वर्षं शेजारी राहून जे कधी बोलले नव्हते, ते त्या संध्याकाळी बोलले.

आज काका नाहीत. रणगाडा बाहेरच्या टेबलावर ठेवलाय. मुलांनो, खुशाल हातात घ्या. तुटला तर चिकटवू. फक्त ती घासलेली कड तेवढी शोधा. तिथे काका पाय ठेवायचे.