माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक आणि भारतीय सिंफनी



‘अमर अकबर अँथनी’ या 1977 सालच्या चित्रपटातील एका गीतामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले. ते एका हाडामांसाच्या माणसाचे नाव आहे, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला दिलेली ती दक्षिणा होय.

गोन्साल्विस यांचा जन्म 1927 सालचा, सासष्टीतील माजोर्डा गावचा. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मेस्त मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन हाती धरायला शिकवीत. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला समोरचा कागद पाहताक्षणी वाजवणारे वादक मिळाले, ते बव्हंशी या शिक्षणामुळे. संगीत दिग्दर्शकाने चाल गुणगुणावी आणि कुणा गोमंतकीयाने ती चाळीस-पन्नास वाद्यांसाठी विस्ताराने लिहून काढावी, अशी रीत होती. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच येत. हा अन्याय होता. त्याला सौम्य शब्द शोधण्याचे कारण नाही.

गोन्साल्विस यांची आकांक्षा याहून मोठी होती. 1958 साली त्यांनी मुंबईत ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांची मैफल झाली; लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचे स्वर तिला लाभले. सारंग रागावर रचलेला कॉन्चेर्तो ही त्यांची एक कृती.

यातील अडचण रसिकांनी नीट ध्यानात घ्यावी. राग हा एका स्वरामागून दुसरा असा पुढे सरकतो. सिंफनीत अनेक स्वर एकाच वेळी, थरावर थर रचल्यासारखे उभे राहतात. सारंगाला गंधार वर्ज्य. पाश्चात्त्य स्वरसंघात रचताना तो हटकून मागितला जातो. तो घ्यावा तर राग बुडतो, न घ्यावा तर स्वरसंघ पोकळ भासतो. शिवाय मींड कागदावर कशी उतरवायची? तारांवरची सगळी बोटे एकाच वेळी एकाच अंतराने सरकली पाहिजेत! जी वाट चोखाळायला दोन-तीन पिढ्या लागाव्यात, ती एक माणूस चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतून सवड काढून चालू पाहत होता.

तो वाद्यवृंद फार काळ टिकला नाही. शंभर वादकांचा तांडा केवळ तिकीटविक्रीवर कुठल्याच देशात पोसला जात नाही; त्याला राजाश्रय लागतो, नाहीतर धनिकांचा आधार. पुढे 2006 साली मुंबईत ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन झाला, तेव्हा त्यातील बरेच वादक कझाकस्तानसारख्या दूरदेशांतून आणावे लागले. ज्या शहरात एके काळी गोमंतकीय व्हायोलिनवादकांचा सुकाळ होता, त्या शहराची ही गोष्ट.

1965 च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीकडे न वळता त्यांनी माजोर्डा गाठले आणि तेथेच शांतपणे राहिले. जानेवारी 2012 मध्ये त्यांचे निधन झाले. वृत्तपत्रांनी बातमी दिली ती त्या गाण्याचा हवाला देऊन. सारंगातील कॉन्चेर्तो ऐकलेले वाचक तोवर फारसे उरले नव्हते.