जागा आणि वस्तू
(सूस येथील वसंत व्याख्यानमालेतील भाषण)



प्राचीन स्थळ आणि संग्रहालय ही दोन वेगळी प्रेक्षणीय ठिकाणे नव्हेत, एवढेच मला आज सांगायचे आहे. एक पाहून दुसरे टाळले, तर पाहणे अर्धेच राहते.

ग्रीसच्या क्रीट बेटावर क्नोसोस नावाचा राजवाडा आहे. आर्थर एव्हान्स यांनी 1900 साली तिथे उत्खनन सुरू केले. दालने, जिने, तेल-धान्याचे पुरुषभर उंचीचे रांजण आजही जागेवर दिसतात. मात्र भिंतींवरची चित्रे नकला आहेत आणि बरेच खांब एव्हान्स यांनी काँक्रीटमध्ये नव्याने उभारलेले आहेत. मूळ चित्रे जवळच्या इराक्लिओ शहरातल्या संग्रहालयात आहेत. धावत्या बैलावरून कोलांटी घेणाऱ्या माणसाचे ते प्रसिद्ध चित्र तिथे समोर उभे राहून पाहावे. अस्सल तुकडे कोणते आणि मधली जागा नंतर कोणी भरली, हे नीट कळते. राजवाड्यात तिथल्या प्राचीन संस्कृतीचा विस्तार कळतो. संग्रहालयात आपल्याला नक्की किती ठाऊक आहे, हे कळते.

आपल्याकडचे असे बेट म्हणजे घारापुरी. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने तासाभरात पोहोचता येते. तिथल्या लेण्यातल्या सुमारे 18 फूट उंचीच्या सदाशिवाच्या मूर्तीपुढे माणूस आपोआप गप्प होतो. पण ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तो हत्ती बेटावर नाही. इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो भंगला. पुढे तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. घारापुरी पाहणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे जातात.

आता पुणे जिल्ह्यात येऊ. क्नोसोसचे वैभव ओसरत होते, त्या सुमारास शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला शेतकऱ्यांची वस्ती होती. डेक्कन कॉलेजने 1968 पासून तिथे अनेक वर्षे खोदकाम केले. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा रांजण निघाला. त्यात बसवून पुरलेला, चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष होता. घर मोठे, शेजारी धान्याचे कोठार, दफन असे आगळे. म्हणून तो गावचा प्रमुख असावा, असे अभ्यासकांनी मानले. नुसत्या रांजणावरून हे सांगता आले नसते. तो कुठे, कशाशेजारी आणि किती खोल सापडला, याची काटेकोर नोंद झाली, म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या ओळखीचा अंदाज बांधता आला. डेक्कन कॉलेजचे संग्रहालय इथून शहराच्या दुसऱ्या टोकाला, येरवड्याजवळ आहे. मुलांना तिथे जरूर न्या.

आणि एक विनंती. 2021 मध्ये सूस पुणे महापालिकेत आले. टेकड्यांच्या पायथ्याशी रोज नवे पाये खणले जात आहेत. खोदाईत जुनी खापरे, कोरीव दगड, वीरगळ किंवा नाणी दिसली, तर ती उचलू नका, धुऊ नका, शेंदूर फासू नका. काम थांबवा, आहे त्या जागी फोटो काढा, तहसील कार्यालयाला आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती सरकारला देणे 1878 च्या कायद्याने बंधनकारकच आहे. वस्तू पुढे संग्रहालयात जपता येईल. एकदा उकरलेली जागा पुन्हा मिळणार नाही.