शब्द अडतात, माणूस नाही

मी नरसी नामदेवचा, काम सॉफ्टवेअरचं. आमच्या नामदेव महाराजांचे अभंग मराठीत, अन् ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये. म्हणजे दोन भाषांत जगणं आमच्याकडं जुनंच.

पण मेंदूत भाषा फोनसारखी सेटिंगमध्ये जाऊन बदलत नाही. मराठी बोलताना हिंदीही आत जागीच असते. बहुतेकांची भाषा मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूला चालते. तिथं पक्षाघाताचा झटका बसला की शब्द अडतात. हा वाचाघात. १८६१ मध्ये फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी असा रुग्ण नोंदवला: तोंडातून जवळपास फक्त ‘टॅन’ निघायचं, समजायचं मात्र बरंच.

दोन्ही भाषा सारख्याच परततील असं नाही. कुणाची मराठी आधी येते, कुणाची हिंदी. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही, तो कधीकधी पाठ असलेला अभंग सुरात म्हणतो, रागात शिवीही हासडतो! सूर, पाठांतर, भावना यांच्या वाटा थोड्या वेगळ्या असतात.

म्हणून घरातल्या अशा माणसाबद्दल ‘त्यांना काही कळत नाही’ म्हणू नका. स्पीच थेरपिस्टला त्यांच्या सगळ्या भाषा सांगा. अन् बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर वेळ न घालवता मोठा दवाखाना गाठा.