पडद्यावरील तारकायान आणि खरें अंतराळ

करमणुकीच्या खेळानें माणसाचें आयुष्य घडतें काय? या प्रश्नाचें एक उत्तर अमेरिकेंतील डॉ. मे जेमिसन यांच्या चरित्रांत सांपडतें.

१९६६ सालीं तेथें 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी-मालिका सुरू झाली. तींतील यानावर संदेशवहनाचें काम पाहणारी लेफ्टनंट उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री होती. निशेल निकल्स यांची ही भूमिका. पहिल्या पर्वानंतर त्या मालिका सोडणार होत्या, परंतु डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनीं त्यांचें मन वळविलें. दासी म्हणून नव्हे, तर बरोबरीची अधिकारी म्हणून दिसणाऱ्या त्या स्त्रीचें मोल त्यांनीं ओळखलें होतें.

शिकागोंत वाढणारी मे ही मालिका आवडीनें पाही. त्या वेळीं अमेरिकेच्या खऱ्या अंतराळवीरांत एकही स्त्री नव्हती. तरीही आपण तेथें जाणार, ही त्या मुलीची खात्री ढळली नाहीं.

मात्र केवळ स्वप्नावर विसंबून भागत नाहीं. जेमिसन यांनीं रसायन-अभियांत्रिकी व वैद्यक यांचें शिक्षण घेतलें, पश्चिम आफ्रिकेंत डॉक्टर म्हणून काम केलें. आणि १९८७ सालीं 'नासा'नें त्यांची निवड केली. १२ सप्टेंबर १९९२ रोजीं 'एन्डेव्हर' यानांतून त्या अंतराळांत गेल्या. तेथें पोहोंचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. यानांतील कामाची पाळी त्या उहुराच्याच शब्दांनीं सुरू करीत.

१९९३ सालीं 'स्टार ट्रेक'च्या उत्तर-मालिकेंत त्यांनीं छोटी भूमिका केली. लहानपणीं ज्या पडद्याकडे त्या डोळे लावून बसत, त्याच पडद्यावर आतां दुसऱ्या मुलींना त्या दिसल्या.