रुग्णाचे ताट आणि सेंद्रिय अन्न

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



‘आजारपणातील आहार’ या विषयावर चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाने आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. आमचे सारे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. परंतु आपल्या आरोग्य-साहाय्य निधीचे अर्ज कित्येक वर्षे आमच्या हातून जात आहेत, आणि अलीकडे त्या अर्जांत औषधांच्या बिलांबरोबर सेंद्रिय भाजी, सेंद्रिय गूळ, गव्हांकुराचा रस यांचीही बिले जोडलेली असतात. हा पैसा द्यावा की न द्यावा, हा प्रश्न दर बैठकीस निघतो. त्याचे उत्तर आमच्या स्वतःच्या घरी आम्हांस बरेच महाग पडून मिळाले. ते सांगावे एवढ्याचसाठी आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

सन २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या सहधर्मचारिणीस स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली आणि केमोथेरपीस आरंभ झाला. घरात असे दुखणे आले म्हणजे आपल्याही हातून काही घडावे, असे कर्त्या माणसास वाटते. औषध डॉक्टरांच्या हाती, शुश्रूषा कन्येच्या हाती. आमच्या हाती बाजाराची पिशवी उरली. ती आम्ही मोठ्या निष्ठेने चालविली. ‘सेंद्रिय’ अशी पाटी लावलेल्या एका दुकानाचे आम्ही नित्याचे गिऱ्हाईक झालो आणि दुप्पट-तिप्पट दराने भाजी आणू लागलो. कोणा हितचिंतकाच्या सांगण्यावरून दूध बंद केले, अंडे बंद केले. पांढरा भात ‘निःसत्त्व’ म्हणून ताटातून गेला. त्यांच्या जागी गाजर-बीटचा कच्चा रस, गव्हांकुराची हिरवी वाटी आणि मोड आलेली कच्ची मेथी आली. तिचा स्वभाव सोशिक; आम्ही पुढे करू ते ती घेत गेली.

दहा आठवड्यांत वजन ५४ किलोंवरून ४७ वर उतरले. पुढील डोसाच्या वेळी रक्तातील पांढऱ्या पेशी कमी भरल्या, अंगात ताप निघाला, डोस लांबणीवर पडला आणि चार दिवस रुग्णालयात काढावे लागले. तो ताप त्या रसाने आला असे कोणी म्हणाले नाही. आम्हीही म्हणत नाही. परंतु तेथील आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हांस एकच प्रश्न विचारला : “दिवसभरात यांच्या पोटात किती जाते?” आम्ही अभिमानाने आमची वही पुढे केली. त्या वहीत काय आणले आणि कोणत्या भावाने आणले, याचा पैन्‌ पै हिशेब होता. पोटात किती गेले, याची एकही नोंद नव्हती.

त्या वेळी खाटेवरून ती म्हणाली, “अहो, ती हिरवी वाटी आता पुरे. मला मऊ भात, तूप आणि मेतकूट द्या.” त्या दिवशी तिने वाटीभर भात खाल्ला. पुढे उकळलेले दूध, पूर्ण शिजलेले अंडे, मुगाची खिचडी, पातळ पिठले असे थोडे थोडे, दर दोन-अडीच तासांनी सुरू झाले. वजन सावकाश सावरले आणि सर्व डोस पुरे झाले. आज ती येथे पुढच्या रांगेत बसलेली आहे, आणि हे सर्व सांगण्यास तिची अनुज्ञा आहे.

कच्च्या मेथीचा उल्लेख आम्ही हेतुतः केला. सन २०११ मध्ये उत्तर जर्मनीत ई. कोलाय जातीच्या एका घातक जंतूची साथ उद्भवली. सुमारे चार हजार माणसे आजारी पडली व पन्नासांहून अधिक दगावली. तपास पोहोचला तो मोड आलेली धान्ये विकणाऱ्या एका मळ्यापाशी, आणि तेथून इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियाण्यापाशी. तो मळा सेंद्रिय होता. यावरून सेंद्रिय शेती वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या ओलीत आणि उबेत मोड फुटतात, त्याच ओलीत आणि उबेत जंतूही वाढतात. बियाणे कोणत्या पद्धतीने पिकविले, हे ते पाहत नाहीत. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयवरोपण झालेल्या रुग्णास मोड आलेले कडधान्य द्यावयाचे तर ते चांगले शिजवून द्यावे, दूध उकळून द्यावे आणि कच्चे रस टाळावे, हेच शहाणपणाचे होय.

सेंद्रिय अन्नाने कर्करोग टळतो काय, असे आम्हांस पुष्कळ जण विचारतात. सन २०१८ मध्ये फ्रान्समधील सुमारे ६९ हजार लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेंद्रिय अन्न सर्वाधिक खाणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण चतुर्थांशाने कमी आढळले. त्याआधी सन २०१४ मध्ये ब्रिटनमधील सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत एकंदर कर्करोगाच्या बाबतीत असा लाभ दिसला नव्हता. शिवाय असे महाग अन्न घेणारा मनुष्य बहुधा सुस्थितीतला, व्यायाम करणारा, तंबाखूपासून दूर राहणारा असतो. तेव्हा गुण भाजीचा की राहणीचा, हे निवडणे कठीण. आणि मुख्य गोष्ट ही की, या दोन्ही पाहण्या रोग होण्यापूर्वीच्या आहाराविषयी आहेत. झालेला रोग सेंद्रिय भाजीने बरा होतो, असे त्यांतील एकीनेही म्हटलेले नाही.

आजारपणात अन्नाने खरोखर काय साधते, याचा पुरावा मात्र आपल्याच देशात मिळाला आहे. झारखंडात क्षयरोग्यांना सहा महिने दरमहा दहा किलो शिधा देऊन एक मोठा प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष सन २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ व तिच्या सहनियतकालिकात प्रसिद्ध झाले. शिधा कोणता? तांदूळ, डाळी, दुधाची पूड आणि तेल. सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन शेकडा पाचने वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. आणि ज्या घरांत इतर माणसांनाही तांदूळ व डाळ मिळाली, त्या घरांत क्षयाची नवी लागण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. पोटभर डाळ-भाताची ही योग्यता आम्ही मात्र ‘निःसत्त्व’ म्हणून ताटातून काढली होती!

मग सेंद्रियाचा आग्रह सोडूनच द्यावा काय? आमचे मत तसे नाही. सन २०१२ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तोवरचे संशोधन एकत्र पडताळले, तेव्हा सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. परंतु कीटकनाशकांचे अंश त्यात कमी सापडतात, हे मात्र दिसले. आणि त्या अंशांपेक्षाही मोठी गोष्ट आम्हांस पुढे शेतावर कळली.

आमचे मेहुणे गावी वांगी-टोमॅटोची शेती करतात. दुखण्याच्या काळात त्यांच्याकडून येणारी भाजी आम्ही ‘गावची म्हणजे शुद्ध’ असे समजून घेत असू. बरे वाटू लागल्यावर आम्ही उभयता तिकडे गेलो. शेत दाखविताना ते सहज म्हणाले, “दाजी, हा घरचा वाफा. याला फवारा नाही. पलीकडचा बाजाराचा.” आम्ही विचारले, पलीकडे फवारतो कोण? तेव्हा त्यांचा अठरा वर्षांचा पुतण्या पाठीवर पंप आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून समोरूनच येत होता. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, हे आपणांस स्मरत असेल. खाणाऱ्याच्या ताटात अंश येतो. फवारणाऱ्याच्या श्वासात आणि अंगावर सबंध विषच येते. आपल्यापैकी कित्येकांच्या गावी जमिनी आहेत आणि कित्येकांच्या शेतात असे दोन वाफे आहेत. हे बोलणे कोणास लागले तर क्षमा असावी. ते प्रथम आम्हांसच लागले.

गेल्या हंगामात मेहुण्यांनी अर्धा एकर वांगी कामगंध सापळे व निंबोळी अर्क यांवरच काढून पाहिली. माल निम्म्याहून कमी आला, पुष्कळ फळ किडले. उरलेले आम्ही पाच घरांनी आधी ठरलेल्या भावाने उचलले. औदा ते पुन्हा करणार की नाही, हे अद्याप त्यांचे ठरलेले नाही.

ज्यांस परवडते त्यांनी सेंद्रिय माल अवश्य घ्यावा; बंद पुडक्यावर सेंद्रिय प्रमाणनाचे अधिकृत चिन्ह पाहून घ्यावा, अथवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यावा. नुसत्या पाटीवर विसंबू नये. सालीसकट खावयाची फळे व पालेभाज्या यांस प्रथम मान द्यावा. केळे-नारळाची चिंता कमी करावी. न परवडल्यास वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलेली साधी भाजी रुग्णास निःशंकपणे द्यावी. मात्र पथ्य ते पथ्यच. सेंद्रिय गूळ मधुमेह्याच्या रक्तात साखरच वाढवितो. मूत्रपिंड दुर्बल झालेल्यास शहाळ्यातील पोटॅशियम घातक ठरू शकते, मग नारळ कोणत्याही बागेतला असो. रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्याने पालेभाजीचे प्रमाण डॉक्टरांना न विचारता एकाएकी वाढवू नये.

निधीपुरते बोलावयाचे तर कार्यकारी मंडळापुढे आम्ही असा ठराव मांडला आहे : आहारासाठी साहाय्य मागणाऱ्या अर्जासोबत आहारतज्ज्ञाची चिठ्ठी आणि रुग्णाच्या वजनाची पंधरवड्याची नोंद असावी, प्रथम डाळ, तेल, दूध, अंडी यांचा खर्च मंजूर व्हावा आणि त्यातून शिल्लक राहिल्यासच सेंद्रिय मालाचा विचार व्हावा. ज्यांच्या घरी काटा नाही त्यांच्यासाठी एक काटा कार्यालयात आणून ठेवला आहे. चिटणिसांकडे नाव नोंदवून तो न्यावा, आणि वेळेवर परत करावा.