जंत गेले म्हणून दमा आला?

(क्युपर्टिनो येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीनंतर चहाच्या वेळी एक वाक्य कानावर पडलं. "आपण मातीत लोळलो, पोटात जंत घेऊन वाढलो, पण कुणाला ॲलर्जी नव्हती. मग मुलांना जंताचं औषध कशाला?" मी तेव्हा गप्प बसले, कारण ते वाक्य निम्मं खरं आहे. निम्म्या खऱ्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, म्हणून आजची पंधरा मिनिटं मागून घेतली.

मोह मलाही होतो. मिरजेला आजी दर सुट्टीत आम्हाला वावडिंगाचा काढा आणि एरंडेल पाजायची. इथे माझ्या मुलीच्या दप्तरात इनहेलर असतो. वसंतात परागकण उडू लागले की तिची छाती वाजते.

आधी खरं निम्मं. 'आयझॅक' या जागतिक पाहणीचे आकडे १९९८ साली प्रसिद्ध झाले. ५६ देशांतली १३-१४ वर्षांची सुमारे ४ लाख ६३ हजार मुलं त्यात होती. दम्याची लक्षणं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये सर्वाधिक आढळली. सर्वांत कमी असलेल्या देशांत भारत होता.

जंतांशी याचा संबंध काय? जंताला आपल्या पोटात वर्षानुवर्षं राहायचं असतं. म्हणून तो आपली प्रतिकारशक्ती थंड करतो. आवर घालणाऱ्या टी-पेशी वाढतात, आयएल-१० नावाचं प्रथिन जास्त तयार होतं. त्या थंडपणात धूळ आणि परागकणांवरचा शरीराचा थयथयाटही कमी होऊ शकतो. आफ्रिकेत गॅबनमध्ये मुलांना वारंवार जंताचं औषध दिलं, तेव्हा धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांवर त्यांच्या त्वचेची प्रतिक्रिया वाढली. हा अभ्यास २००४ सालचा.

आता उरलेलं निम्मं. त्वचेवर गांधी उठणं म्हणजे दमा नव्हे. इक्वाडोरमध्ये ६८ शाळांत वर्षभर अल्बेंडाझोल देऊन पाहिलं. २००६ च्या निष्कर्षानुसार मुलांची ॲलर्जी वाढली नाही. शिवाय सगळे जंत सारखे नसतात. त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हुकवर्म असलेल्यांत दमा कमी दिसला, पण गोल जंत असलेल्यांत जास्त! गोल जंताच्या अळ्या रक्तावाटे फुप्फुसात शिरतात आणि तिथे खोकला, धाप लावतात. म्हणजे 'जंत दम्यापासून वाचवतात' हे सरसकट विधानच टिकत नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला दम्याच्या रुग्णांना मुद्दाम हुकवर्मच्या दहा अळ्या दिल्या. २०१० साली निकाल आला: दम्यात लक्षणीय सुधारणा नाही. तेव्हा इंटरनेटवर कुणी जंतांची अंडी विकत असेल तर पैसे जपा.

आणि या थंडपणाची किंमत कोण मोजतं? हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो. अनवाणी चालणाऱ्या, संडास नसलेल्या वस्तीतल्या मुलीला पंडुरोग होतो, वर्गात तिला झोप येते. भारतात २०१५ पासून १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देण्याची मोहीम सुरू झाली. अशा सरसकट गोळ्यांनी मुलांची वाढ किती सुधारते यावर संशोधकांत वाद आहे. तो वाद पुराव्यावर चालू दे. पण "बिचारी जंतांमुळे तरी दम्यापासून वाचली" असं इथे बसून म्हणायचा आपल्याला हक्क नाही. आपलं बालपण आपण आठवणीत गोड करून घेतो. तिला ते आज जगायचं आहे.

जंतांनी प्रतिकारशक्ती शांत करण्याची कोणती युक्ती शोधली, ते रेणू शिकून औषध करता येईल का, यावर काम चालू आहे. त्यासाठी कुणाच्या पोटात जंत ठेवायची गरज नाही.

तोवर मुलांचा इनहेलर स्वतःच्या मनानं बंद करू नका. भारतातून परतल्यावर पोटाची तक्रार राहिली तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल सांगा आणि शौचाची तपासणी करून घ्या. मुलांना मातीत जरूर खेळू द्या. नंतर हात धुवायला लावा, एवढंच.

आता तुमचे प्रश्न.