वार्धक्यातील स्मृतिभ्रंश आणि ग्रामीण आरोग्यसेवक



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती उच्चारताना कोणी थांबून विचार करीत नाही. घरातील म्हातारीने आमटीत दोनदा मीठ घातले, चुलीवरचे दूध ती विसरली, सुनेला लेकीच्या नावाने हाक मारली, की घरची माणसे हसतात आणि 'म्हातारचळ लागला' म्हणून आपापल्या कामाला लागतात. पुढे हसण्याची जागा कंटाळा घेतो आणि कंटाळ्याची जागा राग. दोन-तीन वर्षांनी तीच म्हातारी मध्यरात्री उठून दाराची कडी काढू लागते, तेव्हा प्रकरण दवाखान्यापर्यंत पोहोचते. पुष्कळदा ते पोहोचतच नाही.

वस्तुतः हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग नव्हे. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा विकार आहे. मेंदूतील पेशी हळूहळू निकामी होण्यामुळे, अथवा रक्तवाहिन्यांतील दोषामुळे मेंदूच्या काही भागांना रक्त न पोहोचल्यामुळे तो उद्भवतो. भारतातील वृद्धांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठ वर्षांवरील व्यक्तींत या विकाराचे प्रमाण शेकडा ७.४ इतके, म्हणजे देशात सुमारे ८८ लक्ष व्यक्ती, असे अनुमान निघाले. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. शहरातील धकाधकीचा हा आजार असावा, खेड्यातील मोकळ्या हवेत त्याला थारा नसावा, ही समजूत यामुळे सोडून द्यावी लागते.

याचा अर्थ उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात काय होतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल. गोव्याच्या सीमेला लागून असलेला हा तालुका विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ आणि बहुतांशी अरण्याने व्यापलेला आहे. काळी व्याघ्र प्रकल्पाचा मोठा भाग याच तालुक्यात येतो. कुणबी, गवळी, सिद्दी अशा समाजांची घरे चार-दोनच्या वाड्यांनी विखुरलेली आहेत. घरात कोकणी वा मराठीची बोली, कचेरीत कन्नड, अशी येथील भाषेची स्थिती आहे. शहरात वाट चुकलेला वृद्ध कोणा दुकानदाराच्या दृष्टीस पडतो. येथे तो घराच्या मागील दाराने निघाला तर थेट रानात शिरतो. तरुण मुले कामासाठी गोव्यात वा हुबळी-बेळगावकडे गेलेली असतात आणि घरात म्हातारा, म्हातारी व एखादी सून एवढीच माणसे उरतात. तज्ज्ञ डॉक्टर कारवारला, हुबळीला नाहीतर गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात. अशा ठिकाणी या विकाराची पहिली खूण कोणाच्या दृष्टीस पडणार? आशा कार्यकर्तीच्या, आरोग्यसेविकेच्या आणि उपकेंद्रातील आरोग्य अधिकाऱ्याच्या. अन्य कोणी त्या घराची पायरी नियमाने चढत नाही.

विशेष म्हणजे ही खूण टिपण्याचे साधन आशा कार्यकर्तीच्या पिशवीत आहेच. असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीसाठी ती जो प्रश्नतक्ता भरते, त्यात साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी निराळे प्रश्न आहेत. जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घरचा पत्ता आपण विसरता काय, हा त्यांतील एक. खाणेपिणे, कपडे घालणे, स्नान यांसाठी दुसऱ्याची मदत लागते काय, हा दुसरा. उत्तर होकारार्थी असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे अशी सूचना आहे. परंतु हे प्रश्न ज्याला विचारावयाचे तोच जर विसरत असेल, तर 'नाही' या उत्तराला किंमत किती? यास्तव त्या व्यक्तीसमक्ष विचारून झाल्यावर घरातील दुसऱ्या माणसाला बाजूला घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारावा. या एका सवयीने बराच फरक पडतो.

परीक्षा घेताना आणखी एक पथ्य आहे. स्मरणशक्तीच्या पाश्चात्य चाचण्यांत तारीख, वर्ष, लेखन, वजाबाकी असे प्रश्न असतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या वृद्धेला ते न येणे हा रोग नव्हे. हरियाणातील बल्लभगड येथे १९९०च्या दशकात ग्रामीण निरक्षर वृद्धांसाठी हिंदीतून अशी चाचणी तयार करण्यात आली, तेव्हा ही अडचण ओळखून 'वाचा आणि डोळे मिटा' याऐवजी 'मी करतो तसे करा' असे सांगून डोळे मिटून दाखविण्याची युक्ती योजिली गेली. जोयड्यात याच रीतीने विचार करावयास हवा. आज कोणता दिनांक, असे विचारण्यापेक्षा आता कोणता ऋतू, भाताची कोणती कामे चालू आहेत, हे विचारणे श्रेयस्कर. रानातील कंदमुळे ओळखण्यात येथील वृद्ध स्त्रिया निष्णात असतात. कोणता कंद आधी उकडून पाणी टाकून द्यावा लागतो हे जन्मभर जाणणारी बाई जर तेथे गोंधळू लागली, तर ती खूण कोणत्याही छापील चाचणीपेक्षा बोलकी होय. प्रश्न मात्र तिच्या बोलीत असावेत. परभाषेत विचारलेल्या प्रश्नाचे न आलेले उत्तर कागदावर विस्मृती म्हणून नोंदले जाण्याचा धोका खरा आहे.

प्रत्येक विस्मृती म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे, हेही तितक्याच आग्रहाने सांगितले पाहिजे. काल-परवापर्यंत ठीक असलेला वृद्ध आज एकाएकी बरळू लागला, दिवसा गुंगीत आणि रात्री अस्वस्थ राहू लागला, तर तेथे ताप, लघवीचा वा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, एखादे नवे औषध, अथवा पडल्यामुळे डोक्यात झालेला रक्तस्राव यांचा शोध त्याच दिवशी घ्यावा. ही तातडीची बाब आहे. महिनोन्महिने वाढत गेलेल्या विस्मृतीतही थायरॉइडची न्यूनता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, उदासीनतेचा विकार, मद्याचे व्यसन ही उपचाराने सुधारणारी कारणे असू शकतात. साधा बहिरेपणा आणि मोतीबिंदू हेसुद्धा वृद्धाला 'भ्रमिष्ट' ठरवितात. ऐकूच न आलेल्या प्रश्नाला तो भलतेच उत्तर देतो आणि घरचे डोके हलवितात.

एवढे करून स्मृतिभ्रंशच निश्चित झाला, तर पुढे काय? पूर्ण बरे करणारे औषध उपलब्ध नाही. काही औषधांनी लक्षणे काही काळ थोडीफार आटोक्यात राहतात. ती तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच द्यावयाची. रात्री त्रास देतो म्हणून दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून देण्याची प्रवृत्ती घातक आहे. त्याने वृद्ध पडतात आणि गोंधळ वाढतो. 'औषध नाही, मग आम्ही काय करणार,' असे येथे अनेक कर्मचाऱ्यांना वाटते. या प्रश्नाचे उत्तर जोयड्याच्या शेजारी गोव्यात मिळाले आहे.

गोव्यात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की लोक या अवस्थेला रोग न मानता वयाचा परिणाम किंवा घरच्यांच्या दुर्लक्षाचे फळ समजतात. दुसऱ्या समजुतीचा भार अर्थातच सुनेवर पडतो. पुढे डॉ. अमित डायस आणि त्यांचे सहकारी यांनी 'संगत' या संस्थेमार्फत ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. स्थानिक भाषा जाणणाऱ्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या व्यक्तींना अल्पकालीन प्रशिक्षण देऊन त्यांनी किमान पंधरवड्यास एकदा, सहा महिने, रुग्णाच्या घरी जावे अशी योजना होती. रोगाची माहिती देणे, त्रासदायक वर्तन कसे हाताळावे ते सांगणे, शासकीय योजनांचा मार्ग दाखविणे आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाची मदत मिळविणे, एवढेच त्यांचे काम. रुग्णाच्या कार्यक्षमतेत लक्षणीय सुधारणा झाली नाही. परंतु शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांचे मानसिक स्वास्थ्य निश्चित सुधारले. ज्या घरात शुश्रूषा करणारी व्यक्ती कोलमडत नाही, त्याच घरात रुग्णाची आबाळ टळते. हे काम पदवीवाचून होऊ शकते, हे येथे सिद्ध झाले.

कर्नाटकात अशा शंकेला पूर्वीही उत्तर मिळाले होते. बळ्ळारी जिल्ह्यात १९८०च्या दशकात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मानसिक आरोग्यसेवा देण्याचा उपक्रम झाला, आणि तेच प्रारूप पुढे देशाच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पाया ठरले. २०२२ साली राज्य शासनाने निम्हान्सच्या सहकार्याने मेंदूच्या आरोग्याचा उपक्रम हाती घेतला. बंगळूरचे जयनगर, कोलार आणि चिक्कबळ्ळापूर येथून त्याचा आरंभ झाला.

घरच्यांना शिकविण्याची गोष्ट एका उदाहरणाने स्पष्ट होईल. काळी नदीवरील धरणाखाली १९८०च्या दशकात जुने सुपा गाव बुडाले आणि अनेक कुटुंबे रामनगर व अन्यत्र वसविण्यात आली. समजा, त्यांतील एक वृद्धा रोज सायंकाळी गाठोडे बांधून 'सुप्याला घरी जाते' म्हणून निघते. जुन्या आठवणी या विकारात सर्वांत शेवटी पुसल्या जातात, म्हणून तिच्या दृष्टीने ते गाव अजून नदीकाठी आहे. 'ते पाण्याखाली गेले, किती वेळा सांगायचे,' असे मुलगा ओरडला, तर तिला आपले घर बुडाल्याची बातमी दररोज नव्याने ऐकावी लागते. त्याऐवजी सुनेने जवळ बसून, 'आत्या, घराच्या मागे कोणती झाडे होती?' असे विचारावे, थोडे बोलू द्यावे, मग हाताला काही काम द्यावे. शेंगा सोलणे, वाती वळणे, काहीही. दाराची कडी नेहमीपेक्षा वर किंवा खाली बसवावी. शेजारच्या वाडीत आणि वनरक्षकाला आधी सांगून ठेवावे, कारण रात्री शोध घेण्याची वेळ आली तर एकट्या सुनेने ते होणार नाही.

रोग टाळण्याचा विचार मध्यम वयातच व्हावयास हवा. जगातील तज्ज्ञांच्या एका मंडळाने २०२४ साली असे मत दिले, की या विकाराचा सुमारे शेकडा ४५ इतका भाग टाळता येण्याजोग्या किंवा लांबविता येण्याजोग्या कारणांशी निगडित आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्य, बहिरेपणा, डोक्याची दुखापत, एकाकीपणा ही त्यांतील काही. जोयड्यात यांतील रक्तदाबाकडे प्रथम लक्ष द्यावे. गोळी सुरू होते, बरे वाटते आणि बंद पडते. पावसाळ्यात ओढे भरले की काही वाड्यांची वाट दिवसेंदिवस तुटते, तेव्हा गोळ्या संपलेल्या असतात. मृग नक्षत्रापूर्वीच्या भेटीत रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाकडे पुढील काळाचा साठा आहे की नाही हे डबा उघडून पाहावे, आणि त्याच भेटीत वृद्धाची शुश्रूषा करणाऱ्या बाईला ती स्वतः रात्री किती झोपते, हेही विचारावे. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दूरध्वनी करता येतो, हे तिला सांगून तो क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.